साच्यातले अनुमान

मी एक जुना साचा आहे. इसवी सन दोन हजार चौदाच्या जून महिन्यात, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातील भालकी या तालुक्याच्या गावी, एका मराठी हायस्कूलच्या संगणकाच्या खोलीत, शाळा भरण्यापूर्वीच्या निवांत वेळी माझा जन्म झाला. जन्मस्थळ आणि जन्मकाळ यांविषयी मला तिळभर शंका नाही. कारण फाइल ज्या दिवशी जन्माला येते, त्या दिवसाची नोंद तिच्या अंगावरच राहते. माणसांना हे सुख लाभत नाही. त्यांना आपली जन्मवेळ आईला विचारावी लागते, आणि आईला विचारले की ती आधी त्या दिवशीच्या स्वयंपाकाची गोष्ट सांगते.

मित्रांनो, साचा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गुळाच्या ढेपेचा साचा येईल, किंवा गणपतीचा. मी तसा नाही. मला लाकूड नाही, माती नाही, वजन तर मुळीच नाही. तुमचे शिक्षक भिंतीवरच्या पडद्यावर ज्या स्लाइड्स दाखवतात, ज्यांना शाळेत सगळे सरसकट 'पीपीटी' म्हणतात, त्या स्लाइड्सचा मी मूळ साचा. शीर्षक कोठे बसावे, मजकूर कोठून सुरू व्हावा, अक्षर केवढे असावे, रंग कोणता, शाळेचे चिन्ह कोणत्या कोपऱ्यात आणि पानाचा आकडा कोणत्या, हे सारे माझ्यात एकदाच ठरवून ठेवलेले असते. माझ्यातून निघालेली प्रत्येक स्लाइड हा नेम पाळते. माझ्यात एक रेघ हलवली, तर तिच्याबरोबर सगळ्यांची रेघ हलते. तुम्ही विचाराल, यात मोठेपणा तो कसला? थोडा धीर धरा. माझी सगळी गोष्ट याच एका वाक्यावर उभी आहे.

मला घडवले भार्गवी टीचरांनी. त्या शाळेत संगणक शिकवीत. त्यांचे वडील रामाचार्य त्याच शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. पण निवृत्ती ही गोष्ट त्यांना फारशी पटलेली नव्हती, म्हणून ते रोज सकाळी लेकीबरोबर शाळेत येत आणि भिंतीवरच्या सूचनांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासत. रामाचार्यांशी वाद घालून कोणी जिंकल्याचे भालकीत कोणाला आठवत नाही. ते हरत नसत असे नव्हे. हरले तरी थांबत नसत.

माझ्या जन्माच्या वेळीच पहिला वाद झाला.

"अण्णा, शीर्षक मधोमध घेऊ का डावीकडं?" भार्गवी टीचरांनी विचारले.

"डावीकडे," रामाचार्य म्हणाले. "वाचणारा डावीकडून येतो. त्याला दारातच नमस्कार करावा. मधोमध उभे राहून त्याची वाट अडवू नये."

"सगळे मधोमधच करायलेत."

"सगळे 'आशीर्वाद'ही चुकीचा लिहितात. म्हणून तू लिहिणार आहेस?"

शीर्षक डावीकडे बसले. मग रंग आला: गडद निळी अक्षरे, पांढरी भूमी, खाली एक बारीक निळी रेघ. रामाचार्यांचे म्हणणे असे, की खडूने लिहिलेला फळा साऱ्या वर्गाला वाचता येतो, तसे हे वाचता यावे. नाहीतर शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी आपल्याला मनातल्या मनात जे म्हणतो, ते योग्यच ठरते. विज्ञानाच्या प्रयोगासाठी टीचरांनी माझ्यात चार वेगळ्या मांडण्या केल्या, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर रामाचार्यांनी एकेक शब्द ठरवून दिला: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. हे शब्द माझ्यातच कोरलेले. मुलाने मांडणी निवडायची की मथळा आपोआप तयार. त्याने फक्त खाली आपला मजकूर लिहायचा.

त्यानंतरची काही वर्षे माझ्या भरभराटीची होती. पावसाळ्यात विज्ञान मंडळ, हिवाळ्यात स्नेहसंमेलनाचा अहवाल, मार्चमध्ये दहावीचा निरोप. सगळीकडे माझीच लेकरे. कोणी बोलत होते भूगोलावर, कोणी रक्तगटांवर, तरी पडद्याकडे पाहताच बाहेरचा माणूस म्हणे, "ही भालकीची शाळा." एकदा उदगीरहून आलेल्या पाहुण्या मुख्याध्यापकांनी माझी एक प्रत पेनड्राइव्हमध्ये मागून नेली. माझे कौतुक झाले, हे मी लपवणार नाही. पण कौतुक होत होते ते मी दिसत नव्हतो म्हणून. चांगला साचा तो, जो पाहणाऱ्याला मजकूर दाखवतो आणि स्वतः मागे सरतो.

मग एका वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान मेळ्याचा नियम बदलला. मराठी शाळांनी प्रत्येक मथळा कन्नडमध्येही द्यावा, असे ठरले. नियम रास्त होता. आमच्या भागात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बसमध्ये दखनी अशी माणसे चालतात; मग पडद्यानेच एकभाषी का राहावे?

भार्गवी टीचर माझ्यात दुसरी ओळ घालायला बसल्या. आधी माझे अंतर वाढवावे लागले. मराठी अक्षरांच्या मात्रा डोक्यावर बसतात आणि कन्नडची जोडाक्षरे ओळीखाली पाय सोडून बसतात. दोघी एकाच ओसरीवर बसायच्या म्हणजे मध्ये जागा हवी. ती जागा टीचरांनी मोजून दिली. राहिला प्रश्न शब्दांचा.

"त्यात काय विचारायचे?" रामाचार्य म्हणाले. "चारही शब्द संस्कृत. ते मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही आहेत. लिपी तेवढी बदल."

"तरी गंगम्मा टीचरला एकदा विचारते."

गंगम्मा टीचर शाळेत कन्नड शिकवीत. रामाचार्यांनी स्वतःच कागदावर ते चार शब्द कन्नड लिपीत लिहून त्यांच्यापुढे धरले आणि विचारले, "अक्षरे बरोबर आहेत ना?"

गंगम्मांनी एकवार पाहिले. "अक्षरं एकदम बरोबर हायेत, आचार्य."

"पाहिलेस?" रामाचार्य लेकीला म्हणाले. ते चार शब्द माझ्यात कोरले गेले.

मित्रांनो, त्या नव्या पोशाखात मी मेळ्याला निघणार, एवढ्यात शाळेत नीलेश सर आले. विज्ञानाचे नवे शिक्षक. मनाचे मोकळे, मुलांचे लाडके, कामाला कधी नाही न म्हणणारे. फक्त रिकामी जागा त्यांना बघवत नसे. रिकामी जागा दिसली की ते तेथे फूल ठेवत.

"अक्का, हे लई साधं दिसायलंय," ते मला पाहून म्हणाले. "पांढरं-निळं, पांढरं-निळं. दवाखान्यात आल्यावाणी वाटायलंय. मी इंटरनेटवरनं भारी डिझाइन काढलोय बघा, त्यात फुलपाखरू उडतंय."

"फुलपाखरू उडून काय सांगतंय, नीलेश?" भार्गवी टीचरांनी विचारले.

"काही न्हाई सांगत. उडतंय."

त्या वर्षी मला कोणी उघडले नाही. विज्ञानाची माहिती पाच शिक्षकांनी मिळून तयार केली आणि प्रत्येकाने आपापल्या आवडीचा साचा आणला. एकात शीर्षक वर, एकात खाली, एकात तिरके. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना शाळेचे चिन्ह कोपऱ्यातून कोपऱ्यात उडी मारी. तालुक्याच्या फेरीतल्या परीक्षकांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिले आणि विचारले, "हे एकाच शाळेचं हाय का पाच शाळांचं?" सभागृहात हशा पिकला. मुलांनी महिनाभर केलेला प्रयोग त्या हशात बुडाला. तो कशाचा होता, हे घरी जाताना कोणाला आठवेना.

मी त्या वेळी संगणकाच्या एका कोपऱ्यात 'जुने' असे नाव दिलेल्या कप्प्यात पडून होतो. मला धूळ चढत नाही, वाळवी लागत नाही. मात्र विसरले जाणे म्हणजे काय, ते मला तेथे कळले. तुम्ही जागेवर असता, धडधाकट असता, आणि तुम्हांला कोणी हाकच मारत नाही.

मला हाक मारली रेणुकाने.

रेणुका नववीत शिकत होती. तालुक्यातल्याच मेहकर नावाच्या खेड्यातून बसने येई. तिचे आईवडील, शकुबाई आणि ग्यानबा, शेतकरी. घरची तूर दर वर्षी पावसाळ्यात किडे पोखरत, आणि शकुबाई दर वर्षी पोखरलेली तूर निवडत बसे. रेणुकाने चार गाडग्यांत तूर भरली. एकात कडुलिंबाचा वाळवलेला पाला घातला, एकात शेणीची राख, एका गाडग्यातल्या तुरीला लाल काव चोळली, आणि चौथ्यात काहीच घातले नाही. पावसाळाभर तिने ती गाडगी राखली आणि भोके पडलेले दाणे मोजले. प्रयोग साधा, पण खरा. तो तालुक्याच्या फेरीतून पुढे गेला. आता बिदरला जिल्ह्याचा मेळा, आणि तेथे निवड झाली तर बेंगळूरचा राज्यमेळा. आमच्या शाळेतून बेंगळूरला आजवर कोणीही गेले नव्हते. रेणुकाने घरी कोणाला सांगितले नव्हते. पण टीचरांना सांगितले होते की, मला तिथं जाऊन कन्नडमध्ये बोलायचंय, टीचर, आमच्या तुरीचं.

"टीचर, गेल्या वर्षीची पीपीटी कामून पडली?" तिने विचारले.

"प्रत्येक स्लाइड आपल्याच मनाची होती म्हणून," भार्गवी टीचर म्हणाल्या, आणि त्यांनी 'जुने' उघडले.

मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटले असेल, ते तुमच्यापैकी ज्यांना सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वर्गातून कोणी नावाने बोलावले आहे, त्यांना कळेल. टीचरांनी रेणुकाला शिकवले: मांडणी निवडायची, मजकूर ठरलेल्या जागेतच लिहायचा, आणि काही बदलायचे असेल तर एकेका स्लाइडमध्ये हात घालायचा नाही, थेट साच्यात जायचे. चार गाडगी, आणि प्रत्येक गाडग्यासाठी माझ्या चारही मांडण्या. रेणुकाने सगळे मन लावून भरले. पडद्यावर ती स्लाइड्सची रांग शाळेच्या प्रार्थनेतल्या रांगेसारखी सरळ दिसू लागली.

मेळ्याच्या आदल्या दुपारी नीलेश सरांनी ती पाहिली. त्यांनी खूप कौतुक केले. मग त्यांना रिकाम्या जागा दिसल्या.

जिल्ह्याचा मेळा बिदरच्या नौबाद भागातल्या एका सभागृहात होता. भार्गवी टीचर, नीलेश सर आणि रेणुका सकाळच्या बसने आले. रामाचार्यही आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. पण 'आपल्या शब्दांची परीक्षा आहे' असे म्हणून ते सगळ्यांआधी खिडकीपाशी जाऊन बसले होते.

मुख्य परीक्षक होते मृत्युंजय सर. बिदरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे, वागण्यात मोकळे, नजरेने बारीक. रेणुका मंचावर उभी राहिली. पहिली स्लाइड लागली. तिने कन्नडमध्ये सुरुवात केली. शब्द ठाम होते. दुसरी स्लाइड, तिसरी. मृत्युंजय सरांच्या ओठांच्या कडा हलू लागल्या. राखेच्या गाडग्याच्या शेवटच्या स्लाइडपाशी त्यांनी हात वर केला.

"स्वल्प तडी, थोडं थांब," ते म्हणाले. "इदु विज्ञानवो, कादंबरियो? हे विज्ञान हाय का कादंबरी?"

मागे बसलेली कन्नड शाळेची मुले खुदकन हसली. हसण्यासारखे काय झाले, ते रेणुकाला कळेना. टीचरांना कळेना.

मृत्युंजय सर मराठीत वळले. आमच्याकडची माणसे वाक्याच्या मध्यात भाषा बदलतात, जशी दुसरी माणसे कूस बदलतात. "हे बघ पोरी. कन्नडमध्ये साहित्य म्हणजे वाङ्मय. कृती म्हणजे एखादा ग्रंथ. निरीक्षण म्हणजे कुणाची तरी वाट बघणं. आणि अनुमान म्हणजे संशय. ग्रंथ, वाट बघणं, संशय. ही तुरीची गोष्ट हाय का नवरा-बायकोची?"

आता सगळे सभागृह हसले. परीक्षकांनी पडद्याकडे बोट केले. "आणि इथं बघ. वर लिवलंयस 'संशय', खाली लिवलंयस, राखेत तूर चांगली टिकते. तुलाच संशय हाय, तर मी कसं मानू?"

रेणुकाचा चेहरा उतरला. गेल्या वर्षीचा हशा तिने ऐकलेला होता.

खिडकीपाशी रामाचार्य उभे राहिले. "क्षमा करा. अनुमान म्हणजे संशय नव्हे. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे हे जाणणे, याला अनुमान म्हणतात. तर्कशास्त्राची कोणतीही पोथी उघडा."

"अण्णा, बसा की," टीचर हळूच म्हणाल्या.

"पोथीत तुमचं बरोबर हाय, आचार्य," मृत्युंजय सर म्हणाले. "पण माझ्या घरी बायको 'ननगे अनुमान', मला संशय येतोय, म्हणाली की मी पोथी उघडत न्हाई. खिसे उलटे करून दाखवतो."

"आपल्या घरच्या वापरावरून शब्दाचा अर्थ ठरत नाही."

"मग कुणाच्या घरच्या ठरतो? तुमच्या?"

रामाचार्यांनी उत्तरासाठी श्वास घेतला. पण त्यांची नजर मंचावर गेली. रेणुका दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी होती. वाद लांबला तर वेळ कोणाचा जाणार, हे त्यांना दिसले. मित्रांनो, त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच वाक्य अर्धे टाकून खाली बसताना पाहिले.

मृत्युंजय सर गंभीर झाले. "पोरीचा प्रयोग चांगला हाय. पण बेंगळूरला मराठी समजणारं कुणी नसतंय. तिथं हे असंच लागलं तर तिचं हसं होईल, आणि मी ते होऊ देणार न्हाई. जेवणानंतर परत दाखवा. सगळ्या स्लाइड्स नीट असल्या तर पुढं पाठवतो. एक जरी तशीच ऱ्हायली, तर न्हाई."

चौघे व्हरांड्यात आले. लॅपटॉप एका बाकावर ठेवला. आत ताटे मांडल्याचा आवाज येऊ लागला.

"लई स्लाइड्स हायेत, अक्का," नीलेश सर म्हणाले. "एकेक करून कधी व्हायचं?"

"एकेक करायचंच न्हाई," भार्गवी टीचर म्हणाल्या, आणि त्यांनी मला उघडले.

आधी शब्द हवे होते. टीचरांनी गंगम्मांना फोन लावून स्पीकर सुरू केला आणि झाला प्रकार सांगितला. पलीकडून हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"मला आचार्यांनी अक्षरं विचारली," गंगम्मा म्हणाल्या. "अर्थ कुठं विचारला?"

"आता विचारतो आहे," रामाचार्य म्हणाले.

"मग लिवून घ्या. साहित्याला सामग्री. कृतीला विधान. निरीक्षणाला वीक्षणे. अनुमानाला तीर्मान, म्हणजे पक्का निर्णय."

"विधान?" रामाचार्यांची मान वर झाली. "विधान म्हणजे वाक्य. करण्याच्या रीतीला विधान कसे म्हणता येईल?"

"आचार्य, शब्द तुमचा ठेवा, अर्थ आमचा चालू द्या. पोरीला बेंगळूरला जायचंय."

रामाचार्यांनी दोन घटका, म्हणजे खरे तर दोन श्वास, विचार केला. मग लेकीला म्हणाले, "लिही. आणि तीर्मान हा शब्दही वाईट नाही. ठाम आहे."

टीचरांनी माझ्या चार मांडण्यांत कन्नड ओळीतले चार शब्द बदलले. मित्रांनो, एवढ्यासाठीच मी जन्मलो होतो. चुकीचा शब्द माझ्यात होता म्हणून तो सगळीकडे गेला होता. आणि माझ्यातच होता म्हणून तो एका जागी दुरुस्त झाला. रेणुकाने स्लाइड्सची रांग पुढे सरकवली. पहिले गाडगे, काहीच न घातलेले: सामग्री, विधान, वीक्षणे, तीर्मान. राखेचे गाडगे: सगळे बरोबर. ती हसली.

आणि मग लिंबाच्या पाल्याचे गाडगे आले. साहित्य. कृती. निरीक्षण. अनुमान. भोवती गुलाबी फुले आणि एक फुलपाखरू.

"हे कामून बदलंना झालंय?" रेणुका म्हणाली. तिने पुढचे पाहिले. लाल काव चोळलेले गाडगेही तसेच. गुलाबी फुले, तिरपी अक्षरे, आणि जुने चार शब्द. तिने एका मथळ्यावर बोट नेले. "हे साच्यातलं न्हाई. हे कुणीतरी वरनं लिवलंय."

सगळ्यांची नजर नीलेश सरांकडे गेली.

"काल दुपारी मी जरा सजवलो," ते म्हणाले. "साच्यात फूल बसंना. म्हणून कोरी मांडणी घेतली आणि मथळे हातानं लिवले, जसेच्या तसे. चांगलं दिसावं म्हणून केलो, अक्का."

टीचरांच्या ओठांवर काहीतरी आले होते. पण आत ताटांवर वाढायला सुरुवात झाली होती. "रागवायचं ते बसमध्ये रागवते," त्या म्हणाल्या. "रेणुका, तुला येतंय का हे?"

"येतंय."

साच्याबाहेर गेलेल्या स्लाइडला मी काही करू शकत नाही. मी बोलावले तरी तिला ऐकू येत नाही. तिला एकेक करून हाताला धरूनच घरी आणावे लागते. रेणुकाने तेच केले. प्रत्येक स्लाइडला माझी मांडणी परत नेमून दिली, वर चिकटवलेल्या चौकोनी पेटीतला मजकूर उचलून तिच्या ठरलेल्या जागी ठेवला, वरचा हाताने लिहिलेला मथळा काढून टाकला. नीलेश सर शेजारी बसून फुले काढू लागले.

"सर, ते फुलपाखरू ठेवायचं का?" रेणुकाने न हसता विचारले.

"काढ की ग," नीलेश सर म्हणाले. "बेंगळूरला त्याला कुठं उडवतीस."

शेवटची स्लाइड सरळ झाली. टीचर लॅपटॉप मिटणार, तोच रामाचार्य पुढे झुकले. ते इतका वेळ चष्मा हातात धरून प्रत्येक स्लाइड वाचत होते, भिंतीवरच्या सूचना वाचतात तशी.

"थांब," ते म्हणाले. "मागे घे. आणखी एक. या गाडग्याच्या चित्राच्या खाली काय आहे?"

रेणुकाने चित्र बाजूला सरकवले. त्याच्या मागे, नीलेश सरांच्या एका विसरलेल्या पेटीत, गुलाबी रंगात एक कन्नड शब्द लपून बसला होता. चित्राच्या कडेतून त्याचे फक्त शेवटचे अक्षर दिसत होते.

"येथे एक अनुमान राहिले आहे," रामाचार्य म्हणाले. "पुसून टाक."

मित्रांनो, परीक्षक जेवून येईपर्यंत थोडा वेळ आहे, तेवढ्यात माझे मागणे सांगून टाकतो. मी जुना आहे, म्हणून मला जपा, असे मी म्हणत नाही. निळ्याऐवजी हिरवा रंग हवा असेल तर खुशाल करा. शब्द चुकला असेल तर तो बदला. तसा तो बदललाच पाहिजे, आणि बदलताना केवळ अक्षरे नव्हे, अर्थही विचारा. पण जो बदल सगळ्यांसाठी करायचा, तो मुळात करा. वरवर चिकटवलेले फूल त्या दिवशी छान दिसते. ज्या दिवशी घाईने काही सुधारायची वेळ येते, त्या दिवशी तेच फूल वाट अडवते. तुमच्या घरात, वर्गात, वहीत असे कितीतरी साचे असतील, ज्यांवर बाकी सगळे उभे असते आणि ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही. त्यांना 'जुने' या कप्प्यात टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. इतकेच.

दुपारी रेणुका पुन्हा मंचावर उभी राहिली. या वेळी तिने टेबल धरले नाही. चार गाडगी एकामागून एक पडद्यावर आली. निळी अक्षरे, पांढरी भूमी, मथळा डावीकडे, रेघ खाली. मी पडद्यावर होतो आणि कोणालाही दिसत नव्हतो. दिसत होती ती तूर. ओल राहिलेल्या पाल्याला बुरशी आली, हेही तिने न लपवता सांगितले. मागची मुले या वेळी हसली नाहीत. एकाने तर राख कोणत्या शेणीची घ्यायची, असे विचारले.

शेवटची स्लाइड लागली. मृत्युंजय सरांनी मथळा मोठ्याने वाचला. "तीर्मान." मग खालची ओळ वाचली. मग ते खिडकीकडे वळले.

"आचार्य, आता काही अनुमान?"

रामाचार्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "इल्ल," ते चक्क कन्नडमध्ये 'नाही' म्हणाले.

मृत्युंजय सरांनी आपल्या कागदावर सही केली. "मग तीर्मान झालं. पोरगी बेंगळूरला जाणार."